साडेबारा लाखांत साठ लाखांची गाडी : घ्यावी की लांबूनच नमस्कार?

पहिलीच_वेळ
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

एक सेडान बघून आलोय. २०१६ चं मॉडेल, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शन, काळा रंग. जर्मन त्रिकुटापैकी, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या महागड्या ब्रँडांपैकी एक. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापासून धागा लोगोंच्या भांडणावर जातो. नवी असताना ऑन-रोड साठच्या घरात होती, आता डीलर साडेबारा मागतोय. दुसरा मालक, मुंबई पासिंग, रनिंग ४८,०००.

माझ्याकडे नऊ वर्षांची हॅचबॅक आहे. याच पैशांत नवी कोरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही येते आणि घरच्यांचा कौल तिकडेच आहे. पण मी या गाडीत बसलो, दरवाजा ओढला आणि बाहेरचा सगळा बाणेर रस्ता गप्प झाला. तेव्हापासून झोप नाही.

आतून चकाचक आहे. फक्त डॅशबोर्डवर मधोमध उदबत्तीने पोळल्याचा एक डाग आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तिथे गणपती असणार. डीलर म्हणाला, "देवाची खूण आहे साहेब, शुभ असतं."

प्रश्न सरळ आहे. या वयाच्या असल्या गाड्यांमध्ये नक्की काय काय जातं आणि किती खर्चात पाडतं? अनुभवी लोकांनी लिहावं.

खारी_बिस्कीट
दरवाज्याचा आवाज ऐकलात, आता पहिल्या सर्व्हिसच्या बिलाचा ऐका. त्यानंतर घरचे गप्प होतील, नुसता बाणेर रस्ता नाही.

ठाणे_लोकल
घाबरवू नका हो. माझ्याकडे अशीच एक पाच वर्षं आहे. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. गाडी नीट बघून घेतली आणि लाड केले तर छान चालते. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

ग्रीसचा_डाग
भोसरीला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. या त्रिकुटातल्या गाड्याच जास्त येतात, म्हणून लिहितो.

लोक इंजिनाला घाबरतात. इंजिन सहसा शेवटी जातं. आधी जातं ते रबर आणि प्लॅस्टिक. आठ-दहा वर्षांत रबर सुकतं आणि प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं (खारी, तुम्हाला नाही म्हणत). कूलंटची बाटली, थर्मोस्टॅटचं घर, पाण्याच्या पाइपांचे जोड, हे सगळं प्लॅस्टिक. एक चीर पडली की कूलंट गळतं, चालक "अजून दोनच किलोमीटर" म्हणून गाडी ओढतो आणि तापून इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकतं. दोन-तीन हजारांचा जोड, दीड-दोन लाखांचं काम.

दुसरं म्हणजे चाक धरून ठेवणारे खालचे आर्म आणि त्यांचे रबरी बुश. आपल्या रस्त्यांवर चाळीस-पन्नास हजारांत ढिले होतात. स्पीड ब्रेकरवरून कटकट आवाज आला की समजा. एका बाजूला एकच आर्म असला तर बरं, या गाड्यांना तीन-चार असतात.

तिसरं, तुमच्या गाडीत एअर सस्पेन्शन आहे. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो. फुग्याला बारीक चिरा पडतात, रात्रभर हवा निघते, सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. स्टार्ट केली की कंप्रेसर हवा भरून तिला उठवतो, म्हणून दुपारी शोरूममध्ये काही कळत नाही. पण रोज उठवून उठवून कंप्रेसरही मरतो. एका कोपऱ्याचे लाखाच्या आसपास धरा, कंप्रेसर वेगळा. म्हणून गाडी सकाळी, डीलरने चावी लावायच्या आधी बघायची. आदल्या रात्री त्याला सांगायचं नाही.

चौथं, गिअरबॉक्सचं ऑइल. कंपनीच्या पुस्तकात "आयुष्यभर बदलायची गरज नाही" असं असतं. कुणाचं आयुष्य, ते लिहिलेलं नसतं. बीएमडब्ल्यूपासून कितीतरी गाड्यांना झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असतो. झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की ऑइल बदला. ड्युअल क्लच असेल तर त्याहून लवकर. जॉबकार्डात (सर्व्हिसच्या कामाच्या कागदात) ती नोंद शोधा. बहुतेक वेळा नसते.

पहिलीच_वेळ
@ग्रीसचा_डाग, इतकं लिहिल्याबद्दल खूप आभार दादा. गाडी दुपारीच बघितली होती. :(

आकडेमोड
रनिंग ४८ हजार वाचून खूश होऊ नका. मुंबईची ड्रायव्हरवाली गाडी आहे ना? साहेब बीकेसीत मीटिंगला, ड्रायव्हर खाली एसी लावून दोन तास झोपलेला. मीटर फिरत नाही, इंजिन फिरत असतं.

डिस्प्लेवर लाँग टर्म सरासरी वेग दाखवतात, तो बघा. समजा १४ निघाला, तर ४८,००० भागिले १४ म्हणजे सुमारे ३,४३० तास. तेवढेच तास तुम्ही पुणे-सातारा-कोल्हापूर ताशी ४० च्या सरासरीने हिंडला असतात तर मीटर १ लाख ३७ हजार दाखवलं असतं. तुम्ही विकत घेताय ते तास. (सरासरी कुणी शून्य केलेली नसेल तर. केली असेल तर का केली ते विचारा.)

वऱ्हाडी_मिरची
आकडेमोड भाऊ, लय भारी हिशेब. आमच्या नागपुरात अजून एक भर घाला, पंचेचाळीस डिग्री. मे महिन्यात उन्हात उभी ठेवली की छताचं कापड लोंबतं, डॅशबोर्डच्या कडा उचलतात. माझ्या जुन्या सेडानचं छत इतकं लोंबलं होतं की सासरे मागे बसले की मांडवात बसल्यासारखे दिसायचे.

सईची_आई
आमचा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. आम्हीही सेकंड हँडच घेतली होती, ब्रँड मीही लिहीत नाही. इंजिन, गिअरबॉक्स सगळं उत्तम होतं. घात केला सनरूफने.

सनरूफला चारही कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. सोसायटीत गाडी बकुळीच्या झाडाखाली उभी राहायची. फुलं आणि पानं कुजून नळ्या बुजल्या. पहिल्या मोठ्या पावसात पाणी खांबातून खाली उतरलं, ते थेट गालिच्याखाली. वरून कोरडं ठणठणीत, आम्हाला पत्ताच नाही. चार दिवसांनी काचा आपोआप खाली, वायपर सुरू, मध्यरात्री हॉर्न. सईचे बाबा म्हणाले, भूत आहे. गॅरेजवाल्याने गालिचा उचलला तर खाली फोम ओल्या स्पंजसारखा आणि त्यात बुडलेला कंट्रोल युनिटचा डबा, हिरव्या बुरशीसकट. ९४ हजार रुपये आणि तीन आठवडे, कारण पार्ट बाहेरून यायचा होता.

नंतर मी स्वतः दर मे महिन्यात सनरूफ उघडून कोपऱ्यात वाटीभर पाणी ओतते आणि चाकाजवळ धार येते का बघते. पाच मिनिटांचं काम आहे. गाडी बघायला जाल तेव्हा हाताने गालिचा दाबून बघा आणि आत बसून काचा बंद करून नाक वापरा. डीलरने तीन-तीन सुगंधी डब्या लावल्या असतील तर शंका घ्या.

खारी_बिस्कीट
बकुळीची फुलं म्हणजे बघा, बिल आलं तरी सुगंधी आलं.

पंचगंगाकाठ
सईच्या आई बरोबर बोलल्या. आमच्याकडं २०१९ चा पूर, मग २०२१ ला चिपळूण. पाण्यात बसलेल्या गाड्या विम्यात टोटल लॉस होत्यात, लिलावात जात्यात, धुऊनपुसून दुसऱ्या गावात विकायला येत्यात. कोल्हापुरात कोण घेत नाही, म्हणून तुमच्या पुण्यात येत्यात. :)

तपासायचं असंल तर सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढायचा. धुणारा सगळं धुतो, पण बेल्टचं शेवटचं वीतभर कोण धूत नाही. तिथं गाळाची रेघ दिसली की चहा पिऊन घरी यायचं. सीटखालच्या पट्ट्यांवर आणि स्प्रिंगवर गंज बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा, बारीक रेती लागती.

ठाणे_लोकल
संध्याकाळ झाली, वचन पाळतो. पाच वर्षांचा माझा खरा खर्च, डायरीतून : पुढचे आर्म आणि बुश ६८ हजार. चार टायर ७६ हजार. बॅटरी २६ हजार (नवी बॅटरी गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर तो जुनी समजूनच चार्ज करत राहतो). गिअरबॉक्स ऑइल ३४ हजार. एक इंजेक्टर ४२ हजार. दरवर्षीची सर्व्हिस बाहेरच्या चांगल्या गॅरेजात २२ ते २५ हजार. विमा वेगळा. म्हणजे डिझेल सोडून वर्षाला सरासरी ७५ हजारांच्या आसपास. नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीची पहिल्या पाच वर्षांतली किमतीची घसरण मांडा आणि मग मला मूर्ख म्हणा.

ग्रीसचा_डाग
ठाणेकर, तुमचा हिशेब खरा आहे. पण तुमच्याकडे एअर सस्पेन्शन नाही, तुम्ही रोज घोडबंदरला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवता आणि तुम्ही डायरी ठेवता. असे गिऱ्हाईक मला वर्षाला दोन येतात.

ठाणे_लोकल
घोडबंदर आणि मोकळा रस्ता? दादा, शेवटचे कधी आला होतात?

स्टुटगार्टकर
ज्या गावात या गाड्या बनतात तिथून लिहितोय. इथे दोन लाख किलोमीटर चाललेली डिझेल सेडान लोक बिनधास्त घेतात, आणि तिकडे ४८ हजारांची घेताना आपण घाबरतो. कारण साधं आहे. इथली गाडी ऑटोबानवर एका दमात तीनशे किलोमीटर जाते. इंजिन तापतं, धुराच्या गाळणीतली काजळी जळून जाते. पुण्यात कोथरूड ते सेनापती बापट रोड अशी पाच किलोमीटरची फेरी मारली तर ती काजळी जळायला सुरुवातही होत नाही. गाळणी तुंबते, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काळा डांबर होतो.

दुसरी गोष्ट, इथे जाहिरातीत एक शब्द हटकून असतो, 'शेकहेफ्टगेफ्लेग्ट', म्हणजे सर्व्हिसचं पुस्तक पूर्ण भरलेली. त्या शब्दाला किंमत मिळते. शिवाय नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीच्या तपासणीला जाते. बुश ढिले असले तर पास होत नाही. आपल्याकडे पीयूसीवाला नळीसुद्धा नीट घालत नाही.

पंचगंगाकाठ
शेक... काय म्हणालासा? आमच्याकडं त्याला "डॉक्टरची गाडी हाय" म्हणत्यात.

आजोबा_पिंपरीकर
'डॉक्टरची गाडी' खासच! मी वाहन उद्योगातून निवृत्त झालो. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात मर्सिडीजची डब्ल्यू१२४ जुळायला लागली तेव्हा आम्ही जेवणाच्या सुट्टीत नुसती बघायला जायचो. चाकणचा त्यांचा कारखाना खूप नंतरचा, २००९ चा. त्या १२४ मध्ये बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक फार नव्हतं. पुढच्या पिढ्यांत ब्रेकसुद्धा तारेवर आले. डब्ल्यू२११ च्या सुरुवातीच्या ई-क्लासमध्ये इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक होते, ते परत बोलवावे लागले आणि २००६ मध्ये कंपनीने ती पद्धतच सोडली. तेव्हा जुन्या गाडीत 'सगळ्यात जास्त सोयी असलेलं मॉडेल' शोधू नका. जेवढ्या सोयी तेवढ्या मोटारी आणि वायरी. साधं मॉडेल घ्यावं, असं माझं म्हातारपणीचं मत.

अर्धी_चड्डी
बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. सुरुवातीच्या इंजिनांत ती झिजायची आणि बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर ऐकू आली तर पळा. नंतरच्या बी४७ मध्येही साखळी मागेच आहे, पण सुधारलेली.

पहिलीच_वेळ
मी ब्रँड लिहिला नाही तरी आलंच ना नाव.

अर्धी_चड्डी
सॉरी. पण साखळी मागेच आहे.

फॉर्म_एकोणतीस
कागदांबद्दल कुणी बोलत नाहीये. गाडी मुंबई पासिंग आहे म्हणजे निदान महाराष्ट्रातलीच आहे, ते बरं. दिल्लीच्या स्वस्त डिझेल सेडान बघून भुलणाऱ्यांसाठी सांगतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, म्हणून आठव्या-नवव्या वर्षी गाड्यांचा लोंढा बाहेर पडायला लागला. आणलीत तर एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर, हे सगळं तुमच्या डोक्यावर. टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून निघतो, वयाप्रमाणे थोडा कमी होतो. तुम्ही कितीला घेतलीत याच्याशी आरटीओला घेणंदेणं नाही.

आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

घाटमाथा
विम्याचं पण बघा. झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे) बहुतेक कंपन्या काही वर्षांनंतर देत नाहीत. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत स्टार्टर मारला, तर इंजिन प्रोटेक्शन घेतल्याशिवाय साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे मिळणं मुश्कील. या गाड्यांची हवा ओढायची जागा पुष्कळदा खालीच असते.

खारी_बिस्कीट
थोडक्यात : पावसाळ्यात चालवू नका, उन्हाळ्यात उभी करू नका, हिवाळ्यात गावात फिरवू नका. उरलेल्या दिवशी मजा करा.

शांत_चालक
एवढा व्याप कशाला? टोयोटाची सेकंड हँड कॅमरी हायब्रिड घ्या. २०१३ पासून बंगळुरूजवळ बिडदीला जुळते. मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीला हवा ओढणारी जाळी असते, तिथे धूळ साचू दिली नाही तर फार काही मागत नाही. थोडी कंटाळवाणी आहे, कबूल.

वऱ्हाडी_मिरची
"थोडी कंटाळवाणी" असं म्हणून माझं लग्न जमवलं होतं राजेहो. वीस वर्षं झाली, काहीही बिघाड नाही.

सईची_आई
वहिनी या साइटवर नाहीत वाटतं.

पहिलीच_वेळ
(नऊ दिवसांनी) मंडळी, अपडेट.

ग्रीसचा_डाग दादांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांच्याकडेच तपासणी करून घ्यायची ठरवली. मंगळवारी सकाळी पावणेआठला, न कळवता, डीलरच्या आवारात गेलो. वॉचमन झाडत होता. गाडीचा मागचा डावा कोपरा बसलेला. चाक आणि मडगार्ड यांच्यात उजवीकडे चार बोटं जात होती, डावीकडे एकही नाही. वॉचमन म्हणाला, "रोजच बसते साहेब, मग उठते."

तरीही मोह सुटेना. डीलरला गॅरेजात आणायला लावली. लिफ्टवर घेतली, बुश फाटलेले, गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल ओघळलेलं. पेंटच्या जाडीचं यंत्र सगळीकडे १२० ते १४० मायक्रॉन दाखवत होतं, मागच्या उजव्या दारावर ४१०. म्हणजे खाली पुट्टी. इथपर्यंत मी मनात दोन लाख कमी करायचा हिशेब मांडत होतो.

मग दादांनी स्कॅनर लावला. एअर सस्पेन्शनचा एक जुना फॉल्ट साठवलेला होता. फॉल्टबरोबर तो कधी आला ते किलोमीटरही साठवलेले असतात. दादांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. ९१,३१२.

मीटर ४८,०४० दाखवत होतं.

डीलरचा माणूस म्हणाला, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल." दादा म्हणाले, "असेल." आणि चहा मागवला.

नाही घेतली. तपासणीचे साडेतीन हजार गेले.

आकडेमोड
माझा भागाकार वाया गेला, पण आनंद आहे. ४८ हजार चाललेल्या गाडीला ९१ हजारांवर ताप येऊन गेला होता, हे गणितात बसत नाही.

ठाणे_लोकल
वाईट वाटलं. पण प्रकार म्हणून सोडू नका, ही एक गाडी सोडा. आमच्या सोसायटीत एक काका विकणार आहेत, पेट्रोल, स्प्रिंगवाली, फाइल माझ्या डोळ्यांदेखत आहे. व्यनि करा.

ग्रीसचा_डाग
धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : प्रत्येक गाडीत फॉल्ट असा सापडतोच असं नाही. विकणारा हुशार असेल तर आधी सगळे पुसतो. सगळेच्या सगळे फॉल्ट कोरे दिसले तरी मला शंका येते. दहा वर्षांच्या गाडीत काहीच नोंद नाही म्हणजे काल कुणीतरी पाटी पुसली. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागून मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवाच बंद करून ठेवलाय.

शांत_चालक
कॅमरी.

नवा_सभासद_७७
(चार महिन्यांनी) नमस्कार, इथे नवीन आहे. गूगलवर शोधताना हा धागा सापडला. मी गेल्या महिन्यात नाशिकहून एक काळी सेडान घेतली आहे, २०१६, डिझेल, एअर सस्पेन्शनवाली. गाडी अप्रतिम आहे, रनिंग फक्त ४१ हजार. सकाळी मागचा डावा कोपरा थोडा खाली वाटतो, स्टार्ट केल्यावर बरोबर होतो. डीलर म्हणतो थंडीमुळे होतं. हे नॉर्मल आहे का?

पहिलीच_वेळ
एक विचारू? डॅशबोर्डवर मधोमध काही डाग आहे का?

नवा_सभासद_७७
हो, छोटासा पोळल्याचा आहे. त्यावर आम्ही आमचा गणपती बसवलाय. का?

खारी_बिस्कीट
गाडी दिवसेंदिवस तरुण होत चालली आहे, एवढंच बोलतो आणि आज गप्प बसतो.

ग्रीसचा_डाग
कुणी त्यांना किंमत विचारू नका.

नवे सभासद, आधी कंप्रेसर वाचवा. गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर दर सकाळी उगाच स्टार्ट करून उठवू नका. रविवारी भोसरीला आणा, डाव्या मागच्या फुग्यापासून सुरुवात करू. बिल, आरसी आणि डीलरने रनिंग लिहून दिलेला जो कागद असेल तो सोबत घ्या, पुढे ग्राहक मंचात जायचं झालं तर लागेल. तपासणीचे पैसे नकोत. रिपोर्ट माझ्याकडे आहे.